मागणी एकच, पण हिशेबासह

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरले की आपल्या पेठेत एकच चर्चा सुरू होते. कर वाढला, धंदा बसला, आमदार-खासदार काही करीत नाहीत. चहाचे पेले रिकामे होतात, शटर खाली ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अचलपूर-परतवाड्याच्या बाजारात तीस वर्षे कापड विकून मला एवढे कळले की, गल्ल्यावर बसून केलेली तक्रार गल्ल्यावरच राहते. ती सरकारपर्यंत पोहोचविण्याची एक रीत आहे आणि ती लहान दुकानदारालाही जमण्यासारखी आहे.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा दुकानदार हार-गुच्छ घेऊन एका लोकप्रतिनिधींकडे गेलो. निवेदनात अकरा मागण्या होत्या. कर कमी करा, नाल्या साफ करा, वीज स्वस्त करा, अतिक्रमण हटवा. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. शुद्ध मराठीची धास्ती होती, म्हणून लिहिण्याचे काम एका मास्तरांवर सोपविले. त्यांनी इतकी भारदस्त भाषा वापरली की सह्या करणाऱ्या आम्हालाच ती नीट कळेना. फोटो निघाला, आश्वासन मिळाले, पुढे काहीच झाले नाही. दोष त्यांचा होता, तसा आमचाही होता. अकरांपैकी जेमतेम दोन-तीन गोष्टी त्यांच्या हातातल्या होत्या.

कापडाच्या कराचा धडा

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली. १ जानेवारी २०२२ पासून कृत्रिम धाग्याच्या कापडावरील जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के होणार होता. हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवरही तोच दर लागणार होता. कारण असे सांगितले गेले की, धाग्यावर कर जास्त आणि कापडावर कमी, ही उलटी रचना सरळ करायची आहे. व्यापाऱ्यांचे म्हणणे सोपे होते. रचना सरळ करायची तर धाग्याचा कर उतरवा, कापडाचा चढवू नका.

त्या वेळी मी कागदावर हिशेब मांडला. मेळघाटातून लग्नाचा बस्ता घ्यायला आलेल्या कुटुंबाने २०,००० रुपयांचे असे कापड घेतले, तर कर १,००० ऐवजी २,४०० रुपये होणार. म्हणजे १,४०० रुपये जास्त. तेवढ्यात त्या घरातल्या दोन-चार जणींच्या साड्या होतात. हा हिशेब कोणालाही समजतो. त्यासाठी भारदस्त मराठी लागत नाही.

देशभरच्या कापड बाजारांतून अशाच तक्रारी गेल्या. गुजरातच्या अर्थमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिले. इतर काही राज्यांनीही विरोध नोंदविला. अंमल सुरू व्हायला एक दिवस उरला असताना, ३१ डिसेंबर २०२१ रोजी जीएसटी परिषदेची ४६वी बैठक झाली आणि कापडावरील वाढ पुढे ढकलली गेली. चप्पल-बुटांवरील वाढ मात्र त्या बैठकीत थांबली नाही. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धागाही ५ टक्क्यांवर आला आणि २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना व पादत्राणांनाही ५ टक्के दर लागला. व्यापारी २०२१ मध्ये जे मागत होते, ते घडायला चार वर्षे लागली.

दार कोणते ठोठवावे?

पुष्कळ व्यापारी समजतात की जीएसटी म्हणजे दिल्लीचे काम, आमदाराचा त्यात काय संबंध? हा गैरसमज आहे. जीएसटी परिषदेत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. मतांचे एकतृतीयांश वजन केंद्राचे आणि दोनतृतीयांश सर्व राज्यांचे मिळून असते. निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते. म्हणून आपल्या आमदाराने राज्याच्या अर्थमंत्र्यांना लिहिलेले पत्र हेही कामाचे असते.

व्यवसाय कर किंवा दुकाने व आस्थापना कायदा हा राज्याचा विषय, तेथे आमदारच गाठावा. महापालिकांतील एलबीटी १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांसाठी उठला, तोही राज्य सरकारच्या निर्णयाने. बाजारातली नाली व गाळ्याचे भाडे नगरपरिषदेकडे. आपली फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्राची. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिचे काम थांबले, तेव्हा माझ्यासारख्या दुकानदारांनी तो कामगारांचा प्रश्न समजला. पगार थांबला की उधारीची वही फुगते, हे आम्हाला उशिरा उमजले. तेथे दार खासदारांचे होते. आम्ही ते ठोठावले नाही.

वेळ आणि पाठपुरावा

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा नागपूरला भरते. ही आपल्या विदर्भाची सोय आहे. परंतु अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तारांकित प्रश्नाची सूचना आमदाराला बऱ्याच दिवस आधी द्यावी लागते. आपला कागद दिवाळीच्या आसपास त्यांच्या हाती पडला पाहिजे. प्रश्नाखेरीज लक्षवेधी सूचना आणि विनंती अर्ज समिती हेही मार्ग आहेत. सत्ताधारी आमदार मंत्र्यांपर्यंत नेतो, विरोधी आमदार सभागृहात विचारतो. दोघांनाही भेटावे.

निवेदन एका पानाचे असावे. वर एकच मागणी, खाली आपल्या दुकानाचा हिशेब, सोबत बिलाची प्रत. भाषा आपण बोलतो तशी असावी. कापड, किराणा, चप्पल, भांडी, सर्वांच्या सह्या असाव्यात. कार्यालयातून पोच घ्यावी, पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. काम झाले तर आभाराचे पत्र द्यावे, पाकीट देऊ नये. पाकीट देणारा पुढच्या वेळी मागणी करू शकत नाही, फक्त भाव विचारू शकतो.

शेवटी एक कडू गोष्ट. मागच्या निवेदनाच्या वेळी मी बिलाची प्रत मागितली, तेव्हा काही दुकानदारांनी माना खाली घातल्या. बिल फाडलेच नव्हते, तर जोडणार कोठून? ज्याची विक्री कागदावर नाही, त्याचे दुःखही कागदावर येत नाही. लोकप्रतिनिधींकडे हिशेब मागण्यापूर्वी आपली वही उघडी ठेवता आली पाहिजे. सुरुवात तेथूनच करू या.