विकास शुल्क आणि नागरी सुविधा : महाराष्ट्रातील कायद्याच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना : शहरात नवी इमारत उभी राहते तेव्हा पाणी, मलनिःसारण, रस्ते आणि मोकळ्या जागा यांवरील भार वाढतो. हा भार कोणी उचलावा, जुन्या करदात्यांनी की नव्या बांधकामाने, या प्रश्नाला महाराष्ट्राने 1992 मध्ये एक उत्तर दिले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये प्रकरण सहा-अ समाविष्ट करून विकास शुल्काची तरतूद करण्यात आली. प्रस्तुत लेखात या शुल्काचे स्वरूप आणि उद्यानांच्या संदर्भातील त्याची मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

आकारणी : जमिनीचा विकास, बांधकाम किंवा वापरातील बदल यांस परवानगी देताना नियोजन प्राधिकरण हे शुल्क आकारते. वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनर) जमिनीचा दर हा त्याचा पाया होय. निवासी वापरासाठी मूळ दर जमिनीच्या क्षेत्रावर 0.5 टक्के व बांधकाम क्षेत्रावर 2 टक्के असा आहे. वाणिज्य वापरासाठी तो दुप्पट, तर औद्योगिक वापरासाठी दीडपट होतो. समजा, दर प्रति चौरस मीटर 40,000 रुपये असून भूखंड व बांधकाम प्रत्येकी 500 चौरस मीटर आहे. तर जमिनीपोटी 1,00,000 आणि बांधकामापोटी 4,00,000, असे 5,00,000 रुपये भरावे लागतील. मेट्रोसारख्या महत्त्वाच्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी यात शंभर टक्के वाढ करता येते.

कलम 124-ञ नुसार ही रक्कम स्वतंत्र विकास निधीत जमा करून सार्वजनिक सुविधांसाठी व क्षेत्राच्या देखभाल-सुधारणेसाठी वापरावयाची असते. येथे 'क्षेत्र' म्हणजे प्राधिकरणाचे संपूर्ण अधिकारक्षेत्र. ज्या पेठेतून शुल्क आले त्याच पेठेत ते खर्च व्हावे, असे बंधन नाही. शुल्क आणि सेवा यांत काही संबंध हवा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठ प्रकरणात (1954) मांडले. पुढे 1983 च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स निर्णयात मात्र तो गणिती काटेकोरपणाचा असण्याची गरज नाही, असे म्हटले. पैसे भरणाऱ्या रहिवाशाला हे पटणे अवघड आहे, हेही खरे.

उद्यानांचा प्रश्न : रस्ता वा जलवाहिनी पैशातून उभी राहते, उद्यानास आधी जमीन लागते. मोठ्या अभिन्यासांत 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, परंतु ती बहुधा त्या वसाहतीपुरतीच उरते. सर्वांसाठीची उद्याने विकास आराखड्यातील आरक्षणांवर अवलंबून असतात आणि आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक कलम 127 खाली सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत (ही मुदत 2015 पासून) संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. केवळ प्रस्ताव पाठविणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात (2007) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

मोबदला म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो. पण तो स्वीकारणे मालकाच्या इच्छेवर आहे. त्याने रोख मोबदल्याचा आग्रह धरला की विकास निधीत त्या वेळी रक्कम शिल्लक असणे निर्णायक ठरते. निधी नित्याच्या देखभालीत संपला असेल तर 24 महिने उलटतात आणि आराखड्यावरील हिरवा ठिपका मालकाकडे बांधकामासाठी परत जातो.