शासकीय कंत्राटदाराची नव्या वर्षाची वही
३१ मार्चला खर्च न झालेले अनुदान सामान्यतः व्यपगत होते. म्हणून त्या आठवड्यात कार्यालयांत देयकांची झुंबड उडते. मोजमाप पुस्तिकेत नोंद नसलेले काम, ते कितीही चोख झालेले असो, पुढील तरतुदीची वाट पाहत राहते. तेव्हा नव्या वर्षाची तयारी फेब्रुवारीतच, अपुऱ्या मोजमापांपासून सुरू झालेली बरी.

त्याहून दुर्लक्षित बाब बँक हमीची. तिच्यामागे बहुधा घरातल्याच मुदत ठेवी तारण असतात. काम लांबले आणि मुदतवाढीचे पत्र वेळेत पोहोचले नाही, तर विभाग हमी वटवण्याची मागणी करू शकतो. आणि हमी बिनशर्त असल्याने बँकेला कंत्राटदाराची बाजू ऐकत बसता येत नाही. यास्तव प्रत्येक कामाची सुरक्षा ठेव, हमी आणि दोषदायित्व कालावधीची अखेर एकाच वहीत असावी. ती घरातील आणखी एकास वाचता यावी, हेही तितकेच आवश्यक.

राहता राहिली करकपात. कर वगळता अडीच लाखांहून अधिक रकमेच्या करारावर शासकीय विभाग २ टक्के जीएसटी कापून घेतात. पोर्टलवर स्वीकारल्याखेरीज ही रक्कम कंत्राटदाराच्या रोख खातेवहीत जमा होत नाही.