सातबाऱ्यावरील डिजिटल स्वाक्षरीचे आयुष्य

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये, महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. निजामकालीन महसुली व शैक्षणिक दप्तरांतून कुणबी नोंदी शोधणे हे तिचे काम होते. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेशी प्रस्तुत लेखास कर्तव्य नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, उर्दूत व मोडीत लिहिलेले हे कागद, ज्या राजवटीने ते लिहविले ती १९४८ साली संपुष्टात आल्यावर पाऊणशे वर्षांनी, पुन्हा पुरावा म्हणून पुढे आले. महसुली लेखाचे आयुष्य हे असे असते.

आता त्याच जिल्ह्यातील आजचा लेख पाहा. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. त्यावर शाई नाही, शिक्का नाही. त्याचे खरेपण एका गणिती गृहीतावर उभे आहे. हे गृहीत आणखी पाऊणशे वर्षे टिकेल काय?

हे गृहीत कोणते, ते प्रथम पाहू. रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन यांनी १९७७ साली मांडलेल्या आर.एस.ए. पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केला जातो. मूळ संख्या मात्र गुप्त राहतात. लेखाचा एक ठराविक लांबीचा सारांक काढून, त्यावर खाजगी किल्लीने क्रिया केली की स्वाक्षरी होते. सार्वजनिक किल्लीने ती कोणासही पडताळता येते. गुणाकाराचे अवयव ज्यास पाडता येतील त्यास खाजगी किल्ली मिळाली असेच समजावे. आपल्याकडे प्रचलित असलेली २०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीत ६१७ अंकी भरते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात या असममित कूटपद्धतीचा व सारांक-फलनाचा नावानिशी उल्लेख आहे. गणितातील एक असिद्ध अनुमान विधिग्रंथात जाऊन बसल्याची अशी उदाहरणे थोडीच असतील. असिद्ध म्हणण्याचे कारण उघड आहे. संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरविता येते, हे कानपूरच्या अगरवाल, कयाल व सक्सेना यांनी २००२ साली निर्विवादपणे सिद्ध केले. परंतु अवयव पाडणे कठीणच आहे, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही.

या बाबतीत भविष्यकथनाचा इतिहास फारसा आश्वासक नाही. १९७७ सालीच १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून प्रसिद्ध झाली, आणि ती फोडण्यास चार कोटी अब्ज वर्षे लागतील असा अंदाज वर्तविण्यात आला. एप्रिल १९९४ मध्ये, सुमारे सहाशे स्वयंसेवकांच्या संगणकांनी आठ महिन्यांत ती फोडली. अंदाजातील चूक यंत्रांच्या वेगाची होती तशीच, किंबहुना त्याहून अधिक, पद्धतीची होती: अवयव पाडण्याच्या नव्या रीती मधल्या काळात निघाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्येचेही अवयव पडले. त्यास एकाच गाभ्याच्या संगणकास सुमारे २७०० वर्षे पुरेल एवढे काम लागले. ६१७ अंक यापासून पुष्कळ दूर आहेत. सामान्य संगणकांचाच प्रश्न असता तर चिंतेचे कारण नव्हते.

परंतु त्याच १९९४ साली पीटर शोर यांनी दाखविले की, क्वांटम संगणक बांधता आल्यास अवयव पाडणे सोपे होईल. २०१९ साली गिडनी व एकेरा यांनी २०४८ बिटांच्या संख्येसाठी दोन कोटी सदोष क्यूबिट व आठ तास असा हिशेब मांडला. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो दहा लाखांहून कमी क्यूबिट व आठवड्याहून कमी अवधी इथवर खाली आणला. आज चालू असलेली यंत्रे या संख्येच्या आसपासही नाहीत. तथापि सहा वर्षांत आवश्यक यंत्राचा आकार वीसपटींनी घटला, तो केवळ कागदावरील विचाराने, हे ध्यानात ठेवावे.

येथे गुप्तता व स्वाक्षरी यांत भेद करणे अवश्य आहे. रास्त भाव दुकानात आधारसाठी अंगठा लावला की ठशाची माहिती कूटबद्ध होऊन जाते, आणि त्या कूटाची किल्ली २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीखाली बंद असते. हा प्रवाह आज कोणी टिपून ठेवला, तर यंत्र तयार होताच तो वाचता येईल. आणि अंगठा बदलता येत नाही. गुप्तता किती वर्षे हवी, अधिक नवी पद्धती बसविण्यास किती वर्षे लागतील, ही बेरीज कूटभेदास लागणाऱ्या काळाहून मोठी असेल तर उशीर झालाच आहे, असा मिशेल मोस्का यांचा सुप्रसिद्ध निकष आहे.

स्वाक्षरीचे तसे नाही. उताऱ्यातील मजकूर गुप्त नसतोच. धोका निराळा आहे: उद्या किल्ली फुटली तर कोणीही मागील तारखेचा उतारा बनवू शकेल, आणि खरा व खोटा यांत गणिताला फरक दिसणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार कागदी दस्तऐवजास तीस वर्षांनी जे गृहीतक लाभते, तसे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या स्वाक्षरीस, तो योग्य ताब्यातून आल्यास, पाचच वर्षांनी लाभू शकते. अल्पायुषी वस्तूस अधिक लवकर ज्येष्ठत्व देण्याचा हा प्रकार आम्हांस विचारार्ह वाटतो.

कोणी म्हणेल, संकेतस्थळावर पडताळणी क्रमांक घालून उतारा तपासता येतोच. खरे आहे, पण तो विश्वास गणितावर नसून दप्तरखान्यावर आहे. (उतारा छापून घेतला की स्वाक्षरी फाईलमध्येच राहते, कागदावर तिची केवळ ग्वाही उरते, हेही पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.) निजामकालीन कागद टिकले तेही शिक्क्याच्या बळावर नव्हे, तर सांभाळणारा दप्तरखाना होता म्हणून. स्वाक्षरीचे मोल हेच की, दप्तरदारावर विश्वास नसला तरी ती पडताळता यावी.

उपाय आहे, मात्र तो किल्ली फुटण्यापूर्वी करावा लागतो. क्वांटम संगणक सारांक-फलनास फारसा धक्का लावू शकत नाही. ग्रोव्हर यांच्या रीतीने शोधाचे श्रम वर्गमुळाइतके कमी होतात, एवढेच. म्हणून आजवरच्या सर्व स्वाक्षरित उताऱ्यांचे सारांक एका वृक्षात गुंफून, मुळाशी येणारा एकच सारांक, कालमुद्रेसह नव्या पद्धतीने स्वाक्षरित करून जाहीर केला, तर ते उतारे त्या दिवशी अस्तित्वात होते हे पुढेही सिद्ध करता येईल. नंतर बनविलेला खोटा उतारा त्या वृक्षात बसणार नाही.

नव्या पद्धतींची मानके अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्या मसुद्याप्रमाणे आर.एस.ए.चा वापर २०३५ नंतर बंद व्हावयाचा आहे. नव्यावरही आंधळा विश्वास नको: स्पर्धेत पुढे आलेली साइक ही पद्धती २०२२ साली एका साध्या संगणकाने सुमारे तासाभरात मोडली. केवळ सारांकावर आधारलेल्या स्वाक्षऱ्या त्या मानाने भरवशाच्या, पण अवजड आहेत. आर.एस.ए.ची स्वाक्षरी २५६ बाइटांची. ऑगस्ट २०२४ च्या मानकांतील या जातीची सर्वांत लहान स्वाक्षरी ७८५६ बाइटांची. क्यूआर चौकोनात फार तर २९५३ बाइट मावतात. तेव्हा उताऱ्याच्या कागदावरच पडताळता येईल अशी स्वाक्षरी हवी असेल, तर जाफराबादच्या शेतकऱ्यास एका चौकोनाऐवजी तीन चौकोन छापून द्यावे लागतील.