योजनेचा उपयोग झाला, हे ठरवायचं कसं?

रोजगार प्रशिक्षण घेतलेल्यांची कमाई वाढली, म्हणजे योजना यशस्वी झाली, असं आपण सहज मानतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ओर्ली ॲशेनफेल्टर यांनी 1978 मध्ये यातली गोम दाखवून दिली. अशा योजनेत लोक येतात ते बहुधा काम सुटल्यावर, कमाई घसरल्यावर. ती पुढे योजनेविनाही थोडीफार सावरलीच असती. त्याचं श्रेय योजनेला देता येत नाही.

मग तुलना कोणाशी करायची? 1970 च्या दशकात अमेरिकेत ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ हा प्रयोग झाला. तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, शाळा सोडलेले तरुण, सरकारी मदतीवर जगणाऱ्या माता अशा पात्र लोकांतून जणू चिठ्ठ्या टाकून निवड झाली. निवडलेल्यांना काही महिने देखरेखीखाली काम मिळालं, उरलेल्यांना नाही. दोन्ही गट मुळात सारखे, त्यामुळे पुढे पडलेला फरक योजनेचाच.

1986 मध्ये रॉबर्ट लालाँड यांनी ही आकडेवारी कसोटीला लावली. उरलेल्या गटाऐवजी त्यांनी राष्ट्रीय पाहण्यांतली माणसं तुलनेला घेतली आणि प्रचलित सांख्यिकी पद्धती वापरल्या. प्रयोगानुसार पुरुषांची वार्षिक कमाई सुमारे 900 डॉलरने वाढली होती. या पद्धतींनी मात्र कित्येकदा चक्क तोटा दाखवला.

म्हणून ‘आमच्या योजनेमुळे इतक्यांना नोकरी लागली’ असा दावा वाचलात, की एवढं जरूर विचारा: योजना नसती तर त्यांतल्या किती जणांना लागली असती?