पेंग सहरीची नव्हती

रमजानात सहरीसाठी, म्हणजे पहाटेच्या जेवणासाठी, उठावं लागतं. दिवसा डुलकी येणारच, असं आम्ही धरून चाललो. पण ईद होऊन दोन महिने झाले तरी अब्बा स्कूटरवर पेंगत. अम्मी म्हणाली, ''घोरता घोरता यांचा श्वासच थांबतो.'' मग निद्राविकार तज्ज्ञ गाठले. डोक्याला, छातीला तारा लावून रात्रभर तपासणी झाली. श्वास किमान १० सेकंद अडण्याचे प्रकार तासाला ५ पेक्षा कमी हवेत; ३० च्या वर आजार गंभीर. अब्बांचे ४२ निघाले! आता ते सीपॅप यंत्राचा मास्क लावून झोपतात. हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. यंदा सहरीला तेच आम्हाला उठवतात. घरातलं घोरणं हसण्यावारी नेऊ नका. मध्येच श्वास थांबतो का, तेवढं ऐका.