सून एकटी घरी होती म्हणून

जळगाव जामोदच्या बसस्टँडवर कुणी काठी टेकत, एक पाय किंचित ओढत चालताना दिसला, की शेजारचा माणूस त्याची गोष्ट सांगू लागतो. ती बहुतेकांना पाठ असते. अंगावरून वारं गेलं होतं, रातोरात गाडी करून नांदुऱ्यावरून खामगावला नेलं, तिथून अकोल्याला. सीटी स्कॅन झाला, काही दिवस दवाखान्यात काढले, घरी आणला तेव्हा बाजेवरून उठत नव्हता. आणि आता पाहा! श्रेय कुणाला द्यायचं यावर थोडी चर्चा होते. कुणी अकोल्याच्या डॉक्टरांचं नाव घेतं, कुणी सासुरवाडीहून आलेल्या तेलाचं, आणि शेगावचे महाराज तर सगळ्यांच्याच यादीत असतात.

मधले सहा महिने मात्र या गोष्टीत नसतात. ते घराच्या आतल्या खोलीत जातात. तिथे एक बाज असते, भिंतीला टेकवलेली प्लास्टिकची खुर्ची असते, जीव ओवाळून टाकणारे घरचे असतात आणि कसरती करून घ्यायला येणारा माझ्यासारखा फिजिओथेरपिस्ट असतो. मेलेल्या भासणाऱ्या हातापायात हालचाल परत कशी येते, हे त्या खोलीत ठरतं. त्यात सर्वांत मोठा वाटा असतो मदतीच्या हाताचा: तो कुठे ठेवायचा, किती जोर लावायचा आणि कधी काढून घ्यायचा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातले आजोबा. उजवी बाजू गेलेली, दोन मुलगे पहिलवानी अंगाचे. मी ‘उठा बाबा’ म्हणायचा अवकाश, दोघं दोन बगलांत हात घालत आणि बाबा डोळ्याची पापणी लवायच्या आत उभे. खोलीत आनंदीआनंद. बाबांच्या पायांना मात्र या सगळ्याची खबरच नव्हती. मग कापसाची वेचणी लागली, मजूर मिळेनात आणि दोघेही मुलगे शेतात गेले. त्या सकाळी घरात सून एकटी, बारीक चणीची. ‘माह्याच्यानं नाही उचलणार मामाजी,’ ती आधीच सांगून मोकळी झाली. मी म्हटलं, उचलायचं नाहीच आहे. बाबांना बाजेच्या काठावर आणलं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे ओढून घेतली. सुनेचा एक तळवा उजव्या गुडघ्यावर ठेवला, तो ऐनवेळी दुमडू नये एवढ्यासाठी. बाबांना सांगितलं, नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे न्या, मग उठा. ते वाकले आणि धपकन मागे बसले. पुन्हा वाकले, पुन्हा बसले. सून रडवेली झाली. मग एकदा गुडघे थरथरले, मांड्या ताठल्या, आणि म्हातारा आपल्या पायांवर उभा राहिला. संध्याकाळी मुलांना हे पटेना. दुसऱ्या दिवशी ते बगलेत हात घालायला पुढे झाले, तेव्हा बाबांनी त्यांना दाराकडे बोट दाखवलं: ‘तुमी बाहीर थांबा. तिले बोलवा.’

सुनेच्या हातात असं काय होतं? जोर नव्हता, हीच तिची जमेची बाजू. पक्षाघातात पायाचा स्नायू शाबूत असतो, त्याला मेंदूकडून येणारा हुकूम तुटलेला असतो. तो हुकूम पुन्हा जुळायचा तर मेंदूला तो द्यावा लागतो, चुकावं लागतं, चूक कळावी लागते आणि दुरुस्त करून परत द्यावा लागतो. दुसऱ्याने उचललं की हालचाल सुरेख दिसते, पण मेंदूला चुकायची संधीच उरत नाही. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तीन संशोधकांनी 1984मध्ये हेच सूत्र मांडलं होतं: सरावाच्या वेळी सतत मार्गदर्शन मिळालं तर त्या वेळची कामगिरी सुधारते, पण ते काढून घेतल्यावर शिकलेलं टिकत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी खोल्यांत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मी असताना उत्तम चालणारा पेशंट मी गेल्यावर उंबऱ्याशी अडतो, कारण चालण्यातला निम्मा भाग माझा असतो.

याच्या उलट धोकाही तितकाच खरा. लुळ्या हाताच्या खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडले, की हाताच्या वजनाने खांद्याचा गोळा खोबणीतून खाली सरकतो. अशा वेळी कुणी तो हात धरून ओढला, तर पुढचे कित्येक महिने खांदा ठणकतो, आणि दुखणारा हात कसरतीला तयार होत नाही. ओढणारे सहसा घरचे नसतात, भेटायला आलेले पाहुणे असतात. हात धरून ‘उठा, बसा जरा’ म्हणणं ही त्यांची माया. एका घरी मी ओढू नका, ओढू नका म्हणून थकलो. शेवटी घरच्या मुलीने त्या हाताला लाल कापड बांधलं, लक्षात राहावं म्हणून. पाहुण्यांचा समज झाला की काहीतरी नवसाचं आहे. जो येई तो लांबूनच हात जोडी. त्या घरातला खांदा शेवटपर्यंत दुखला नाही.

हाताने उपचार करण्याची जी शाळा जगभर पसरली, तिच्या जन्माचा किस्साही असाच आडवळणाचा आहे. बर्टा बोबाथ मूळच्या बर्लिनच्या, तिथे व्यायाम शिकवत. ज्यूंवरच्या अत्याचारांमुळे जर्मनी सोडून लंडनला आल्या. 1940च्या दशकात त्यांच्याकडे पक्षाघात झालेला एक नामवंत व्यक्तिचित्रकार आला, सायमन एल्वेस. उजवा हात ताठरलेला. ताठर स्नायू जोराने ताणण्याचा त्या काळचा रिवाज बाजूला ठेवून बर्टांनी हळुवार आधार देत शरीराची ठेवण बदलून पाहिली, आणि ताठरपणा सैलावताना त्यांच्या हाताला जाणवला. तिथून पती डॉ. कारेल यांच्यासह त्यांनी आपली पद्धत उभी केली. फिजिओथेरपीची रीतसर पदवी त्यांना मिळाली ती 1950मध्ये, म्हणजे पद्धत आधी आणि कागद नंतर. आणि चित्रकाराचं काय झालं? तो पुन्हा चित्रं काढू लागला, पण डाव्या हाताने.

पुढे दोन तट पडले. सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड यांनी 1982मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की पेशंटला हाताळत बसण्यापेक्षा त्याला नेमकं काम द्या: पेला उचलणं, खुर्चीतून उठणं, पायरी चढणं. हात लावणारे आणि हात आखडता घेणारे यांच्यातली चुरस बरीच वर्षं चालली. 2009मध्ये 16 अभ्यास आणि 813 रुग्णांचा एक आढावा निघाला. बोबाथ पद्धत इतरांपेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. पण गंमत अशी, की आज दोन्ही तटांची माणसं एकाच खोलीत काम करताना पाहा. हात लावणारे पूर्वीपेक्षा लवकर हात काढतात, आणि हात आखडणारे गुडघा दुमडायला लागला की पहिले धावतात.

आपल्याकडच्या विद्येला या भांडणाआधीचा एक वारसा आहे. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय 1950च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, तेव्हा डोळ्यांसमोर पोलिओची मुलं होती. पोलिओत एकेका स्नायूची ताकद तपासून ती वाढवायची असते. त्याच नजरेने पक्षाघाताकडे पाहिलं तर फसगत होते. मूठ दाबायला चेंडू देतात, तो याच फसगतीचा नमुना. ताठरलेल्या हाताला मूठ वळता येतेच, त्याला उघडता येत नाही.

मग यंत्रं आली. ट्रेडमिलवर पेशंटला पट्ट्यांनी टांगायचं आणि यंत्राच्या पायांनी त्याचे पाय बिनचूक चालवायचे. शिकागोत हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी 2008मध्ये 48 जुने रुग्ण घेतले, सगळे थोडंफार चालू शकणारे. निम्म्यांना यंत्राने चालवलं, निम्म्यांना थेरपिस्टने हाताने, तेही लागेल तेवढीच मदत देऊन. प्रत्येकी 12 सत्रं, अर्ध्या-अर्ध्या तासाची. यंत्र थकत नव्हतं, चुकत नव्हतं, प्रत्येक पाऊल सारखं टाकत होतं. चालण्याचा वेग मात्र हातवाल्या गटाचा अधिक वाढला. यंत्राने सगळं नीट केलं, म्हणून पेशंटला फारसं काही करावं लागलं नाही! ज्यांना उभंही राहता येत नाही त्यांना सुरुवातीच्या महिन्यांत अशा यंत्राचा उपयोग होतो, हेही सांगायला हवं. पण आमच्या पेशंटचे नातेवाईक ‘मुंबईले मशीन हाय म्हन्तात, तिथं नेऊ का?’ असं विचारतात आणि त्यासाठी शेत गहाण टाकायला निघतात, तेव्हा मी त्यांना हा शिकागोचा किस्सा सांगतो आणि घरातली खुर्ची पुढे ओढतो.

खुर्ची ओढली की प्रश्न येतो: मग घरच्यांनाच शिकवलं तर? हा प्रश्न आपल्या देशात मोठ्या हिमतीने विचारला गेला. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन आणि ऑस्ट्रेलियातले सहकारी यांनी भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर ‘अटेंड’ नावाचा अभ्यास केला. एका गटाच्या नातेवाइकांना दवाखान्यातच कसरती शिकवल्या आणि त्या घरी चालू ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. फिजिओथेरपिस्टची वानवा असलेल्या देशाला केवढा दिलासा मिळाला असता! 2017मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण एका गटात 47 टक्के आणि दुसऱ्यातही 47 टक्केच.

या निकालाने अनेकांची निराशा झाली, माझीही झाली. पण आतल्या खोल्या पाहिलेल्या माणसाला त्यात एक गोष्ट दिसते. ‘नेहमीचे उपचार’ मिळालेल्या घरांतही सून होती, मुलगे होते, भाचे होते, आणि त्यांचे हात रिकामे बसले असतील असं मला वाटत नाही. भारतातल्या कुटुंबाला पेशंटपासून लांब ठेवणारा गट कुठल्या संशोधकाला बनवता येणार? घरच्यांना शिकवणं व्यर्थ आहे, असा अर्थ मी त्यातून काढत नाही. घरचे मदत तर करणारच. त्यांना मदत कमी करायला कुणीतरी वारंवार येऊन शिकवावं लागतं, आणि तेवढं मनुष्यबळ तालुक्यापर्यंत पोहोचलेलं नाही. हे मला मनापासून खुपतं.

आणि खरं सांगायचं तर सर्वांत अति मदत करणारा मदतनीस पेशंटच्याच अंगावर असतो. त्याचा चांगला हात. लुळ्या हाताला संधी मिळण्याआधीच तो काम उरकून टाकतो. हे उमगलं एडवर्ड टॉब यांना, तेही फार मोठी किंमत मोजून. माकडाच्या एका हाताची संवेदना तोडली की ते तो हात वापरणंच सोडतं, पण चांगला हात बांधला की तोच हात पुन्हा कामाला लागतो, असं त्यांना दिसलं होतं. 1981मध्ये मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांनी छापा टाकला आणि 17 माकडं ताब्यात घेतली. तक्रारदार होता अलेक्स पाचेको, प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारा आणि मदतनीस म्हणून आत शिरलेला कार्यकर्ता. माकडांचे हाल जगासमोर आले, खटला चालला, टॉब यांना झालेली शिक्षा अपिलात रद्द झाली, पण ते बरीच वर्षं बाजूला पडले. त्याच कल्पनेवर 222 रुग्णांचा अभ्यास 2006मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या हाताला दोन आठवडे मोजा घालून ठेवलेल्यांचा दुबळा हात वर्षभरानंतरही नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा अधिक कामाचा राहिला होता. माणसांच्या कामी आलेल्या या उपचाराच्या मुळाशी ती माकडं आहेत, हे मला विसरता येत नाही.

हात किती वेळा हलायला हवा, याचाही एक आतला हिशेब आहे. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी 312 सत्रं शेजारी बसून मोजली. हाताच्या कामाचा सराव ज्या सत्रांत झाला, त्यांत तो सरासरी फक्त 32 वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलतो तो शेकडो वेळा केल्यावर. 32 आणि शेकडो यांतली दरी भरायची कशी, याचं उत्तर मला तालुक्यातल्याच एका आजीकडे मिळालं. उजवा हात दुबळा, चिमूट जेमतेम जमायची. मी दिलेले प्लास्टिकचे ठोकळे तिने नातवाला खेळायला देऊन टाकले. आजाराआधी तिने लक्ष वातींचा नवस बोलला होता, घरच्या कापसाच्या फुलवाती. मी म्हटलं, मग त्याच वळा, पण टोकाला पीळ उजव्या हाताने द्यायचा. पहिल्या वाती म्हणजे नुसते कापसाचे बोळे. तरी ती दिवस दिवस वळत बसे, मोजून डब्यात टाके, आणि हळूहळू बोळ्यांना टोक येऊ लागलं.

लेकीला मात्र आईची ती धडपड बघवेना. आई दुपारी झोपली की ती गुपचूप ओंजळभर वाती वळून डब्यात टाकू लागली. नवस लवकर फिटेल, आईचे कष्ट वाचतील. एका संध्याकाळी मी गेलो तर आजीने डबा जमिनीवर पालथा घातला होता आणि चष्मा लावून एकेक वात निवडत बसली होती. डावीकडे वेडीवाकडी वात, उजवीकडे नीटनेटकी. लेक दारात अवघडून उभी. उजवीकडचा सगळा ढीग आजीने पदरात घेतला आणि लेकीपुढे केला: ‘ह्या तुह्या हातच्या हायेत. ह्या तुह्या नवसाले ठेव. माह्या मले मोजू दे.’