मेल गेला, पण पोचला का?

सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना मी सगळ्या सभासदांना मेलने धाडली होती. दोन दिवसांनी जिन्यात भेटलेल्या काकूंनी विचारलं, "सभा कधी आहे हो?" त्यांच्या फोनमध्ये पाहिलं, तर सूचना स्पॅम फोल्डरमध्ये पडलेली.

स्पॅममध्ये गेलेला मेल निदान सापडतो. तो 'नॉट स्पॅम' करायचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता कॉन्टॅक्ट्समध्ये घालायचा. जीमेलमध्ये मात्र स्पॅममध्येच राहिलेला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो.

दारातूनच परत फिरवलेल्या मेलचा निरोप पाठवणाऱ्याकडे येतो. तो इंग्रजी मजकूर पाहून बरेच जण घाईने पुसतात. तसं करू नका, कारण नकाराचं कारण त्यातच असतं. त्या निरोपातला आकडा ४ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५५०सारखा ५ने सुरू होणारा आकडा म्हणजे साफ नकार. तिथे तोच मेल पुन्हा पुन्हा धाडून काही होत नाही.

स्वतःचं डोमेन असलेल्या संस्थांचं दुखणं बहुधा ओळख न पटण्याचं असतं. आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे एसपीएफची नोंद सांगते; डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही; आणि दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं, ते डीमार्क ठरवतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला रोज ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत. लहान संस्थांनाही पहिल्या दोनपैकी एक लागतंच.

आणि आपण वाचणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी स्पॅम फोल्डर उघडून पाहावा.